माझा माळढोक तुमच्या ताटात

अहमदनगर,
आश्विन, १९७१

प्रिय वन्सं,

तुम्ही होतात तेव्हा मी पत्राची सुरुवात 'तीर्थरूप' अशी करायची. आज 'प्रिय' लिहिलं आहे. तुम्हाला आवडणार नाही, पण आता तुम्ही काय करणार?

लिहायचं कारण असं की काल आम्ही फेरीला जाऊन आलो. तुमची फेरी. दसरा आणि कोजागिरीच्या मधला दिवस, तीच आपली फियाट, तोच रस्ता, काष्टीवरून श्रीगोंदा आणि पुढे कर्जतच्या बाजूचा माळ. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. आणि पुढच्या जागेवर कोण बसलं होतं, विचारा ना. कुणीच नाही. तिथे ह्यांची दुर्बीण बसली होती आणि मी मागे, डब्यांच्या पिशवीशेजारी, नेहमीसारखी.

ह्यांनी 'पुढे बस' म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. इतक्या वर्षांनी ती जागा तोंडानं मागून घ्यायची, एवढी काही मी हलकी नाही. मी आपलं मागचं दार उघडलं, ते जरा जोरात लावलं आणि बसले.

तुम्हाला जाऊन चार महिने होऊन गेले. ज्येष्ठात शेवगावला तुमच्या अंगणात मी रडले ते खरंच रडले, कुणाला दाखवायला नाही. पण वन्सं, मी तुमच्यावर तेव्हाही जळत होते आणि आजही जळते. गेलेल्या माणसाबद्दल मागे काही बोलू नये म्हणतात, म्हणून मी तुमच्या तोंडावरच बोलते आहे. तुमच्या एकुलत्या एका भावाची बायको म्हणून एवढा तरी हक्क मला असावा.

आठवतं का, गाडी घरी आली तो दिवस? पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी फियाट, पण आमच्या वकिलीच्या मानानं ती विमानासारखीच होती. मी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि मनाशी ठरवलं की पहिली लांबची फेरी आपली दोघांची. फार नाही, डोंगरगणापर्यंत गेलो असतो तरी मला चाललं असतं. पण हे गाडी घेऊन पहिले गेले ते शेवगावला, तुम्हाला आणायला! परत आली गाडी तर पुढे तुम्ही, मांडीवर तुमची ती अवाढव्य पिशवी, खिडकीत कोपर. जन्मभर गाडीतच बसत आल्यासारख्या. मी उंबऱ्यावर भाकरतुकडा घेऊन उभी होते. तो तुमच्यावरून ओवाळून टाकताना माझ्या मनात काय आलं ते आता सांगत नाही.

माहेरवाशिणीचा मान म्हणून पुढची जागा तुमची झाली ती कायमची. पहिला घास तुमचा, पहिलं पाणी तुमचं, खिडकी तुमची. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

आणि आपली ती भाऊबीज! बाहेर कुणाला सांगितली तर हसतील लोक. दिवाळीत शेवगावला तुमच्याकडे कापूस घरात यायचा, वेचणीच्या बायका, बैलगाड्या, सगळा गोंधळ, तुमचा पाय निघायचा नाही. म्हणून तुम्ही दसऱ्यालाच माहेरपण उरकायचात आणि भाऊबीजही त्यातच आगाऊ करून घ्यायचात. पहिल्या वर्षी ह्यांनी ताटात नोट घातली. तुम्ही ती उचललीत आणि ह्यांच्या खिशात परत कोंबलीत.

"नोट काय करू, बापू? मला जनावरं दाव. बाबा दावायचा तशी."

झालं. तेव्हापासून ओवाळणी माळावर. दिवसभर हिंडायचं, जे दिसेल ते लक्षात ठेवायचं, आणि ऊन कललं की एखाद्या हिवराच्या झाडाखाली गाडी लावायची. तुम्ही पिशवीतून डबा काढायचात, डब्यातून ते बोटभर पितळी निरांजन. भावाला ओवाळायचात. आणि हे, कोर्टात ज्यांच्या आवाजाला लोक दचकतात ते हे, हात जोडून पोरासारखे म्हणायचे, "ताय, यंदा तुझ्या ताटात काळविटांचा कळप, एक खोकड, आन् बांधावरचं निळं चास पाखरू." तुम्ही त्या रिकाम्या ताटाकडे अशा बघायचात की जणू त्यात मोहरा पडल्या आहेत. माळावर वारा असतो, वात टिकत नाही. पदर आडवा धरून मी उभी राहायची. त्या भाऊबीजेत माझं काम एवढंच.

मला भाऊ नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. दिवाळीतली खरी भाऊबीज आली की मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची, बिनभावाच्या बायका ओवाळतात तशी. नखाएवढी कोर. ताट फिरवेपर्यंत समोरच्या कौलांआड उतरायची. एकदा मी हे सांगत होते तर तुम्ही म्हणालात, "चांगला हाय की तुझा भाऊ. कधी आजारी न्हाई, कधी भांडत न्हाई." सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन कणीक जरा जास्तच जोरात मळली. तुम्ही ते वाईट मनानं बोलला नव्हतात, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्याचं ताट भरलेलं असतं त्याला असं बोलणं सोपं जातं की नाही?

आणखी एक सांगते, मग पुढे जाते. ह्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे कसं, "मालती, जरा चहा मिळेल का?" शुद्ध, इस्त्री केलेलं. तुमची पेटी दारात उतरली की ह्यांची जीभ काष्टीच्या शेतात पळत जायची. "ताय, लई वाळलीस गं. खातीस का न्हाई काही?" तुमचं लहानपण तिथलं, दोघांचं एक, सगळं मान्य. पण वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एकदाही 'लई' म्हटलं नाही. मी आमटी केली तर 'छान' व्हायची. तुम्ही तीच आमटी वाढलीत तर ती 'लई भारी' व्हायची.

आणि फेरीला मी मागे बसून काय बघणार? डावीकडे तुमचा अंबाडा, उजवीकडे ह्यांची मान. तुम्ही दोघं पुढे, "त्ये बघ", "कुठं?", "तरवडाच्या मागं", "दिसलं दिसलं", आणि मला कळेपर्यंत ते जनावर गेलेलं असायचं, माझ्या वाट्याला धूळ. एकदाच मला आधी दिसलं. मी ओरडले, "काळवीट!" ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गवतातून ते काळवीट डोकं वर काढून बें करून ओरडलं. धनगराची काळी शेळी. तुम्ही दोघं इतकी हसलात की तो धनगरही हसायला लागला. त्या दिवसापासून कुणाचंही काही चुकलं, दगडाचा ससा झाला की, "हे मालतीचं काळवीट." माझ्या पोरानंसुद्धा पुण्याहून लिहिलं होतं, परीक्षेत एका गणिताचं मालतीचं काळवीट झालं म्हणून.

आता गेल्या वर्षीचं. हे तर तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, पण मला एकदा सगळं ओळीनं मांडू द्या.

काष्टीला गाडी तापली. हे बॉनेट उघडून पाण्याची वाट बघत उभे होते आणि आपण दोघी हॉटेलाच्या बाकावर. चहाचा ग्लास तुमच्या समोर ठेवला होता. तुमचा हात त्याच्या शेजारून गेला. परत आला, परत शेजारूनच गेला. मी ग्लास उचलून तुमच्या हातात दिला.

"कधीपासून, वन्सं?"

"पाडव्यापासनं. साखरंनं डोळं खाल्लं, बाई. डाक्टरला दावलं. त्यो म्हनला आता उपाव न्हाई. मानूस कळतं, झाड कळतं. बारीक काय दिसत न्हाई."

"मग ह्यांना सांगू या. आजची फेरी राहू दे."

तुम्ही माझं मनगट धरलंत. "न्हाई सांगायचं. त्येला कळलं तर जनावरं बघायची सोडून त्यो माझ्याकडंच बघत बसंल. मंग कसली भाऊबीज?" आणि पुढे म्हणालात, "तुझी नजर चांगली हाय, मालू. मागं बसून तू दोन्ही अंगाला बघ. उजवीकडं काय दिसलं तर माझ्या उजव्या खांद्याला हात लाव, डावीकडं तर डाव्या. पुढचं मी बघते."

पुढचं मी बघते म्हणे.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गाडीत बसल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हटलं आहे. इतकी वर्षं मागे बसून धूळ खाल्ली, आणि ज्या दिवशी सगळं मलाच आधी दिसायला लागलं त्याच दिवशी ते तुमच्या नावावर जायला लागलं.

आणि दिवस तरी कसला होता! पाऊस चांगला झाला होता त्या वर्षी. माळ कमरेएवढा, गवत वरून पिकलेलं आणि बुडाशी अजून ओलं हिरवं. वारा आला की सगळा माळ एका अंगावर झोपायचा आणि परत उठायचा. बांधावर तरवड पिवळाधमक, कारळ्याची शेतं त्याहून पिवळी. बाजरी काढून झालेल्या रानांत टिटव्या ओरडत होत्या. आकाश धुऊन वाळत घातलेलं. चंडोल वर जाऊन तिथेच गात राहायचे, दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे, आणि तुम्ही खिडकीतून तोंड वर करून ऐकत होतात. मला वाटलं, निदान हे तरी तुमचं स्वतःचं आहे.

उजवीकडे खोकड दिसलं, कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं. मी उजव्या खांद्याला हात लावला. तुम्ही लगेच, "बापू, उजव्या अंगाला बघ. काय हाय सांग बरं?" काय चतुर बाई होतात तुम्ही! स्वतः नाव घ्यायचंच नाही, त्यालाच विचारायचं. "खोकड! ताय, तुझी नजर म्हंजे..." आणि हे खूश. डावीकडे काळविटांचा कळप, माद्या आणि एक काळाभोर नर, शिंगं मळसूत्रासारखी पिळलेली. खरं काळवीट, वन्सं, माझं खरं काळवीट! मी डाव्या खांद्याला हात लावला. तेही गेलं तुमच्या खात्यात.

मग तो दिसला.

ह्यांना माळढोक बघायचा होता हे मी लग्नापासून ऐकत आले होते. तुमच्या वडिलांनी तुम्हाला लहानपणी खांद्यावर बसवून दाखवला होता, तेव्हा हे पाळण्यात. तुम्ही आयुष्यभर त्यावरून ह्यांना चिडवलंत, आणि हे आयुष्यभर प्रत्येक उंच गवतात त्याला शोधत राहिले. पूर्वी शिकारीच्या जिपा यायच्या, आता पक्षीच कुठे राहिले, असं म्हणत तरी शोधायचे.

तो डावीकडे होता, दूर, गवत जरा विरळ होतं तिथे. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी. धोतराचा सोगा सावरत बांधावरून चालणाऱ्या एखाद्या पाटलासारखा चालला होता, अजिबात घाई नाही. मला दुर्बीण लागली नाही. शेळीबिळी नव्हती ती. मला ओळखू आला.

माझा हात तुमच्या खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. आता हे तुम्हाला खरंच ठाऊक नसेल. तुम्ही पुढे बघत होतात. मी तोंड उघडलं होतं. 'थांबवा, तो बघा माळढोक', एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत एकदा ह्यांनी मान वळवून मागे माझ्याकडे बघितलं असतं. गावभर सांगितलं असतं, 'आमच्या मालतीनं दाखवला.' शेळी पुसली गेली असती. मला ते फार हवं होतं, वन्सं.

तुमचा अंबाडा सुटायला आला होता. आरशात नीट दिसत नसल्यामुळे तुम्ही हल्ली तो तसाच गुंडाळत होतात, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी तुमच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. जरा जोरातच ठेवला.

"बापू, गाडी थांबव. डाव्या अंगाला. काय हाय त्ये?"

ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "ताय." एवढंच. दुर्बीण उचलली, स्वतः नाही लावली, आधी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती डोळ्यांना लावलीत, ती बाभळीकडे. मी मागून तुमचं कोपर हळूच सरकवलं. तुम्ही म्हणालात, "व्हय रं. तोच. बाबानं दावला त्योच." मग ह्यांनी बघितलं, पोटभर. मग ह्यांना माझी आठवण झाली आणि दुर्बीण मागे आली. मी डोळ्यांना लावली तेव्हा नुसतं गवत हलत होतं.

संध्याकाळी हिवराखाली तुम्ही ओवाळलंत. ताट वाकडं जायला लागलं की मी पदराआडून त्याची कड सावरत होते. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "ताय, यंदा तुझ्या ताटात माळढोक." तुम्ही डोळे पुसलेत. मी वात सांभाळत उभी.

तिथेच संपलं असतं तर मी गिळलं असतं. पण ह्यांनी ती गोष्ट वर्षभर सांगितली. बाररूममध्ये सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. तुमच्या दहाव्याला, घाटावर, अनोळखी माणसाला सांगितली. आता परवा दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले तर पुन्हा, "आमची ताई शेवटपर्यंत अशी घारीसारखी. आम्ही दोघं डोळे असून आंधळे, तिनं गाडी थांबवायला लावली." आम्ही दोघं! मी चिवड्याच्या बश्या घेऊन दारात उभी होते. एक बशी मी पाहुण्यांपुढे अशी ठेवली की चिवडा उडाला. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, हात घसरला."

जिवंत माणसाशी भांडता येतं. तुम्ही असतात तर कधीतरी मीच बोलून गेले असते, किंवा तुम्हीच हसत हसत सांगितलं असतंत. पण तुम्ही माझा पक्षी घेऊन निघूनच गेलात. आता तो मागायचा कुणाकडे? आणि ह्यांना सांगायचं म्हणजे ह्यांच्या बहिणीची शेवटची भाऊबीज खोटी होती असं सांगायचं. तेही माझ्याच्यानं होईना. म्हणून काल मागे बसले होते आणि दार आपटलं होतं.

काल माळ तसाच होता. यंदा गवत जरा कमी, पण पिकलेलं, सोनेरी. तरवड फुललेला. काष्टीला ह्यांनी गाडी थांबवली नाही. तुमचा बाक दिसला. दोघांनीही दुसरीकडे बघितलं. पुढच्या कप्प्यात काहीतरी खुळखुळत होतं सारखं, खड्डा आला की जास्त. मला वाटलं पाना किंवा स्क्रू असेल.

श्रीगोंद्याच्या पुढे गेलो. रानात बायका बाजरीची कणसं खुडत होत्या, त्यांच्या मागे बगळे. मी खिडकीतून बघत होते, कशात फार लक्ष नव्हतं. आणि उजवीकडे काळविटांचा कळप उठला. गवतावरून उड्या मारत, एकामागून एक, पाय पोटाशी घेऊन, जमिनीला लागत नसल्यासारखे.

माझा हात पुढे गेला. मी नाही नेला, वन्सं. तो आपला गेला, आणि रिकाम्या सीटच्या उजव्या कडेवर पडला. गार रेक्झिन. मी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

गाडीचा वेग कमी झाला. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. रस्त्याकडे बघतच विचारलं, "उजवीकडं ना?"

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

गाडी थांबली. कळप लांब जाऊन उभा राहिला आणि आमच्याकडे बघायला लागला. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"गेल्या साली. पहिल्या खोकडालाच. आरसा असतो गाडीला."

"म्हणजे माळढोकाच्या वेळी..."

"तुझा हात थांबला होता थोडा. ते पण दिसलं."

मग मात्र माझा तोल गेला. वर्षभराचं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "सगळं दिसत होतं, तर मग घारीची नजर, घारीची नजर म्हणून गाव कशाला डोक्यावर घेतलंत? माझ्या तोंडावर? मी बश्या धरून उभी असताना? तो मी बघितला होता. मी."

ह्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "ओवाळणीत घातलेलं परत काढतात का, मालू? तिच्या ताटात घालायला त्या साली माझ्याकडं दुसरं काय हुतं? तू दिलंस म्हनून मला घालता आलं." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझाच हाय गं त्यो. मला म्हाईत हाय. लई मोठं काम केलंस तू."

वन्सं, ऐकलंत का? लई. मला!

मी रडले. हेही रडले, चष्मा काढून. तुम्ही गेल्यापासून मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. कळप तसाच उभा होता. नंतर पुढून एक धनगर आला मेंढरं घेऊन, आणि त्याच्यात एक काळी शेळी होती. हे नाक पुसत म्हणाले, "मालती, तुझं काळवीट." मी म्हटलं, "त्याच्याकडे बघू नका, गाडी चालवा."

आता तुम्हाला वाटेल, झालं, मालूचं मन निवलं. अजिबात नाही. उलट जास्त जळायला लागलं आहे. आधी मला वाटायचं की ह्यांना ठाऊक नाही, म्हणून बिचारे तुमचं नाव घेतात. आता कळलं की ठाऊक असून घेतात. एवढं प्रेम करायला भाऊ लागतो. तो तुम्हाला होता, मला नाही, आणि तो माझाच नवरा निघावा ह्याला काय म्हणायचं?

परतताना ह्यांनी दुर्बीण उचलून मागे ठेवली आणि पुढचं दार उघडून धरलं. मी बसले. खरं सांगू? मला वाटलं होतं तेवढं काही नाही तिथे. सगळं ऊन डोळ्यांवर येतं. पाय लांब करता येत नाहीत. आणि दोन्ही बाजू काही पुढून नीट दिसत नाहीत, त्या मागूनच दिसतात. तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मी उगीच इतकी वर्षं.

खुळखुळ चालूच होती. मी कप्पा उघडला. तुमचा डबा. निरांजन आत, त्यात गेल्या वर्षीची अर्धी जळलेली वात, तेलानं चिकट झालेली काडेपेटी. तुम्ही विसरला होतात की मुद्दाम ठेवून गेला होतात? ह्यांनीही बघितलं. मी डबा घरी येईपर्यंत मांडीवर धरला.

आता माझा शब्द ऐका. येत्या भाऊबीजेला ह्यांना ओवाळायला कुणी नाही आणि मला ओवाळायला कुणी नाही. संध्याकाळी मी दोघांनाही गच्चीवर नेईन, ह्यांना आणि तुमच्या निरांजनाला. आधी माझ्या त्या भावाला ओवाळीन, कौलांआड जायच्या आत. मग त्याच वातीनं ह्यांना ओवाळीन. बायको म्हणून नाही, ते पाडव्याला होईलच. तुमच्या वतीनं. ताट वाकडं जाणार नाही. ह्यांनी त्यात जे घालायचं ते तुमच्यासाठी घालतील, आणि मी त्याला हात लावणार नाही. माळढोकही तुमचाच राहील. कुणी विचारलं तर मीसुद्धा सांगीन, वन्संनी दाखवला, त्यांची नजर घारीसारखी होती.

पण पुढच्या वर्षी मला दुसरा दिसला तर तो माझा. तेव्हा मात्र मी ओरडणार आहे, आणि तुम्ही असाल तिथे तुम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

तुमच्यावर अजूनही जळणारी,
तुमची भावजय,
मालू